कागदाची मागची बाजू

सर,

तुम्हांला पत्राचे मायने आवडत नसत. ‘काम काय ते आधी लिहावे, आदर असला तर तो पुढे दिसतोच’, असा शेरा मारून तुम्ही आमचे अर्ज परत पाठवीत असा. म्हणून आधी काम सांगतो. आज महाविद्यालयातून घरी आलो, हातपाय धुतले, आणि टेबलावर ठेवलेल्या एका प्रकल्प-अहवालाचे पान उलटे करून त्याच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. पान यंत्रावर छापलेले होते. अंगठ्याला काही लागणार नाही हे मला पुरते ठाऊक होते, तरीही फिरवला. तुम्हांला जाऊन इतका काळ लोटला आहे की, तुमच्या अखेरच्या विद्यार्थ्यांचेही केस आता पांढरे झाले असतील. माझ्या अंगठ्याला मात्र अजून तुमचेच वळण आहे.

तंत्रनिकेतनातला आरेखनाचा तो हॉल मला अजून जसाच्या तसा दिसतो. उत्तरेकडच्या उंच खिडक्या, शिसपेन्सिलींच्या भुकटीचा वास, मऊ लाकडाचे मोठाले बोर्ड, आणि त्यांवर शीट पसरून पाठीला बाक आणणारे आम्ही. वसतिगृहात एका खिडकीची काच वर्षभर जागेवर नसे, हे तुम्हांला माहीत होते. ती दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली असे, तिच्याखाली दिवा, तिच्यावर एखाद्या हुशार मुलाचे शीट आणि त्यावर दुसऱ्याचा कोरा कागद. उजेडात खालची रेघ वर उमटे आणि ती गिरवली की झाले. याला, म्हणजे ग्लास ट्रेसिंगला, आम्ही ‘जीटी मारणे’ म्हणत असू, आणि आज पिकलेल्या केसांचे अभियंतेही तसेच म्हणतात. या कामात एकच अडचण होती. काचेवर कंपासचे टोक रुतत नाही, घसरते. म्हणून वर्तुळे काढायला मुले झाकणे वापरीत, नाणी वापरीत. बोर्डवर काढलेल्या खऱ्या शीटला मात्र प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर बारीक छिद्र असे, आणि मागच्या बाजूला त्याचा उंचवटा. तुम्ही शीट हातात घेत असा, पुढची बाजू न पाहता ते पालथे करीत असा, आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवीत असा. आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा. “रेघ कोणाचीही उचलता येते,” तुम्ही म्हणत असा. “मध्य ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.”

एके दिवशी तुम्ही अशीच दोन शीटे पालथी करता. एक माझे, दुसरे माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचे. माझ्या शीटवरून अंगठा थांबत थांबत जातो, त्याच्या शीटवरून सरळ घसरत जातो. आता मित्राला बोलणी बसणार आणि मला निदान मान हलवून दाद मिळणार, अशा खात्रीने मी उभा आहे.

“काचेवर काढलंस?” तुम्ही त्याला विचारता.

“हो सर.”

“वर्तुळाला काय लावलंस?”

“शाईच्या दौतीचं झाकण, सर.”

“झाकण छान गोल आहे. पण व्यास चुकला. दौत बदल.”

वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. माझ्याकडे वळता. “आणि तू शीट का दिलंस?”

“मित्र आहे, सर. त्याला जमत नव्हतं.”

“जमत नव्हतं, हे त्यानं ठरवलं की तू?”

मग तुम्ही जे बोललात ते कित्येक वर्षे मला अन्यायाचे वाटत राहिले आणि कित्येक वर्षांनी पटले. “त्यानं तुझी रेघ घेतली. तू त्याचा हात काढून घेतलास. जास्त कोणाचं गेलं ते सांग.” तुम्ही त्याला नापास केले नाही, प्राचार्यांकडे पाठवले नाही. शिक्षा अशी होती की, त्याने तुमच्यासमोर ते शीट कोऱ्या कागदावर पहिल्यापासून काढायचे, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसायचे, दोन्ही हात खिशात घालून. तो विचारील तेवढे सांगायला मी मोकळा. हात खिशाबाहेर आला, तर दोघांचेही काम पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पँटला एकच धड खिसा होता. दुसरा हात मी फाटक्या खिशातून मांडीला घट्ट धरून बसलो. मित्राची पेन्सिल चुकीच्या दिशेने निघाली की माझ्या हाताला कळ येई. पण त्याने ते शीट काढले. पुढे तो पाणीपुरवठा खात्यात नावाजला गेला, आणि भेटला की न चुकता म्हणे, “तुझ्यापेक्षा माझंच शीट सरस झालं होतं, मान्य कर.” मी कधी मान्य केले नाही. ते सरस होते.

तुमचा वर्ग हॉलमध्ये संपत नसे. पनवेलच्या तळ्याकाठच्या तुमच्या घरी रविवारी सकाळी यायची मुभा ज्या दोघाचौघांना होती, त्यांत मी होतो. उजेड चांगला म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी बसत असा. मोड आलेल्या कडव्या वालांचे पातेले पुढ्यात. एका बाजूला आमची शीटे, दुसऱ्या बाजूला सोललेल्या डाळिंब्या, आणि दोन्हींसाठी एकच अंगठा. काकू म्हणत, “ह्यांनी सोललेली एक डाळिंबी तुटायची नाही. पण बिरडं तिसऱ्या प्रहरी होतं, तेवढं सोडा.” अशाच एका रविवारी एक बांधकाम-ठेकेदार गुंडाळलेला नकाशा घेऊन दारात आला. गावच्या वेशीबाहेर कोणाचे तरी घर उभे राहायचे होते आणि नकाशावर अभियंत्याची सही हवी होती.

“नकाशा तयारच आहे, सर. तुम्ही फक्त सही करायची.”

“बसा. हे एवढे वाल सोला, तोवर बघतो,” तुम्ही म्हणालात आणि पातेले त्याच्याकडे सरकवले. तो बिचारा धोतर आवरून बसला आणि वाल सोलू लागला. त्याने अर्ध्या डाळिंब्या मोडल्या. काकू दाराआड तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही नकाशा पालथा करून अंगठा फिरवलात, मग सुलटा करून बराच वेळ पाहिलात आणि विचारलेत, “तुमच्या जागेत विहीर कुठल्या अंगाला आहे?”

“खालच्या. उताराला.”

“ह्या नकाशात शोषखड्डा वरच्या अंगाला आहे. म्हणजे घाण विहिरीकडे चालली.”

ठेकेदार म्हणाला, “हा नकाशा खोटा नाही हो, सर. ह्याच्यावर एक घर उभं आहे, नांदतंय.”

“खोटा आहे असं मी कुठं म्हणतो? तो दुसरीकडचा आहे.”

नैतिकतेवर मी पुढे पुष्कळ वाचले, सर. त्या एका वाक्याच्या पलीकडे मला कोणी नेले नाही. नकलेतले वाक्य बहुधा खरेच असते. ते दुसऱ्या जमिनीवर खरे असते, आणि अभियंता ज्या जमिनीवर उभा आहे, तिथे त्या वाक्याने माणसे मरू शकतात. तुम्ही सही केली नाहीत. चप्पल घातलीत आणि “चला, जागा दाखवा” म्हणत त्याच्याबरोबर निघालात. बिरडे त्या दिवशी झालेच नाही. काकूंनी आम्हांला पोहे दिले.

आता मी स्वतः म्हातारा आहे. निवृत्तीनंतर पनवेलजवळच्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आठवड्यातून थोडे तास ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ हा विषय शिकवतो. मुले मागच्या बाकांवर बसून मोबाइल पाहतात, तरी मी पूर्ण वाक्यांत बोलतो. काचा आता खिडक्यांतच असतात. नक्कल करायला दिवा लागत नाही आणि पकडायला अंगठा लागत नाही. संगणकाला अहवाल दिला की तो उचललेला मजकूर लाल करून देतो. मला हे यंत्र आवडते. ते माझ्याइतकेच काटेकोर आहे आणि थकत नाही.

परवा परवा त्याने एक अहवाल लाल केला. शेवटच्या वर्षाची एक मुलगी, गव्हाणकडची. घरचे पूर्वी मिठागरात राबत. तिचा प्रकल्प गावाच्या खारबांधावर होता. भरतीचे पाणी आत येऊ नये आणि आतले पाणी ओहोटीला बाहेर जावे, म्हणून बांधात झडपेचे दार असते. आपल्याकडे त्याला उघाडी म्हणतात. उधाणाला या उघाडीतून पाणी उलटे शेतात का शिरते, ते तिने बांधाच्या उंचीची मोजणी करून शोधले होते. पण अहवालाचे पहिले प्रकरण जवळजवळ सगळे लाल. दुसरेही लालच. विभागप्रमुखांनी समिती बसवली: ते स्वतः, एक अध्यापिका आणि नीतिमत्तेचा मास्तर म्हणून मी. तिचे नाव वरच्या शिस्तपालन समितीकडे गेले असते, तर तिचे वर्ष बुडाले असते, गुणपत्रिकेवर नकलेचा शिक्का बसला असता, आणि बेलापूरच्या एका कंपनीत ठरलेली नोकरी गेली असती. हे सगळे तिला माहीत होते. ती दारापाशी उभी होती आणि आपल्या ओढणीचे टोक बोटाला गुंडाळीत होती.

“सर, बांध आमीच मोजलाय,” ती म्हणाली. वर्गात ती शहरी मराठी बोलते, त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली. “ते कुनाचं नाय. सुरवातीचं लिवलेलं घेतलं. इंग्रजी मना येत नाय तसं.”

तिला त्या मजकुराची फाइल देणारा मुलगा तिच्याच वर्गातला. त्याला बोलावले तर तो निर्धास्तपणे म्हणाला, “सर, चॅप्टर वन कोणी वाचतच नाही. सगळे सिनियर्सचं घेतात. तिला इंग्लिशचं टेन्शन होतं, मी फक्त फाइल फॉरवर्ड केली.”

मला माझ्या पँटचा फाटका खिसा आठवला.

विभागप्रमुख तरुण आहेत, सरळ आहेत. “नियम स्पष्ट आहे,” ते म्हणाले. “हिला सोडलं तर उद्या सगळा वर्ग हेच म्हणेल.” ते चुकत नव्हते. मी अहवाल मागून घेतला आणि यंत्राने जे लाल केले नव्हते, ते वाचायला बसलो. यंत्र उचललेले दाखवते. जे उचललेले नाही त्याबद्दल ते काही बोलत नाही, आणि तिथेच तर पाहायचे असते. मोजणीचे प्रकरण पांढरे होते. इंग्रजी लंगडे. माझ्या हाताने दोनदा लाल पेनाचे टोपण काढले, मी ते दोनदा परत लावले. आणि मग मला ते सापडले. ज्या पक्क्या खुणेपासून मोजणी सुरू करायची, बांधावरून फिरून तिच्यावरच परत यायचे आणि सुरुवातीची उंची शेवटी जुळते का ते पाहायचे, हे तुम्ही शिकवलेत. ती पुरती जुळत नाही, आणि विद्यार्थी ती घरी बसून जुळवतात, हेही तुम्हीच सांगितलेत. या मुलीची जुळली नव्हती. तिने दुसऱ्या दिवशी सगळा बांध पुन्हा मोजला होता. फरक कमी झाला, पण राहिला, आणि तो तिने जसाच्या तसा लिहिला होता. खाली एक मोडके वाक्य: चिखलात पट्टीखालचा दगड खचला असावा.

मी पान पालथे करून अंगठा फिरवला नाही एवढेच, सर. छिद्र मला लागले होते.

“हे शून्य का केलं नाहीस?” मी तिला विचारले.

“सगळे बोलले, शून्य करून टाक. पन तसं नव्हतं ना, सर.”

“आणि पहिलं प्रकरण? तेही तसं नव्हतं. इथे लिहिलं आहे की, ह्या भागातली जमीन काळी, कसदार, उन्हाळ्यात भेगा पडणारी आहे. तुमच्या गावात अशी जमीन कुठे आहे?”

ती पुढे आली, ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. तिचे ओठ हलत होते. इतके दिवस ते पान तिच्या नावाखाली होते आणि ते तिने त्या क्षणी प्रथमच वाचले, हे आम्हां तिघांनाही दिसले. तिचा चेहरा उतरला. शिक्षेची भीती मघापासून होतीच; ही गोष्ट निराळी होती.

“नाय, सर. आमच्याकडं नुसता चिखल हाय. खाजण.”

“ही काळी जमीन धरून तुझ्या गावची उघाडी बांधली तर?”

“खचंल.”

विभागप्रमुख माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “सर, तुम्हीच एथिक्स शिकवता आणि तुम्हीच सूट मागणार?”

“सूट मागत नाही. शिक्षा मागतो आहे. तुमची शिक्षा सोपी आहे, तीत फक्त वर्ष जातं.” मी त्यांना तुमची शिक्षा सांगितली. ती तुमची आहे, हे सांगूनच सांगितली.

“हे फार जुन्या काळातलं झालं, सर.”

“हो. म्हणूनच तपासून झालेलं आहे.”

ते हसले. मुळात चांगला माणूस आहे. शेवटी असे ठरले की, लाल झालेली दोन्ही प्रकरणे फाडायची, ती तिने माझ्यासमोर कोऱ्या पानावर लिहायची, आणि तोंडी परीक्षेत आधी काय घडले ते बाहेरच्या परीक्षकाला तिने स्वतःच सांगायचे. त्याने नाकारले, तर नाव वर जाईल. तो मुलगा शेजारी बसेल, दोन्ही हात खिशात घालून. तिने विचारलेला इंग्रजी शब्द सांगायला तो मोकळा. त्याने विचारले, “सर, मोबाइल पण नाही?” मी म्हटले, मोबाइल हातानेच धरतात.

पहिले प्रकरण लिहायला मी त्यांना बांधावरच नेले. ओहोटी होती. पलीकडच्या विमानतळाकडे उतरणारे विमान डोक्यावरून घरघरत गेले आणि त्याच्या सावलीखाली त्या मुलीची आत्या गुडघाभर चिखलात निवट्या मासे धरीत होती. तिने आम्हांला पाहून कंबर सरळ केली.

“काय गो, बांध पलून जातो का काय, रोज येऊन मोजतेस? आनि आता म्हातारा बी आनलास मोजायला?”

“आत्या, गप गो. आमचे सर हायत.”

“सर हायत त सावलीत बसव त्यांना. आनि ह्यो पोरगा असा का हुबा? हात मोडलं का ह्याचं?”

मुलगा लाजला, पण हात बाहेर काढले नाहीत. मला तो तेव्हापासून आवडू लागला. मुलीने मांडीवर कागद घेतला आणि विचारले, “सर, सुरुवात कशी करू?” मी म्हटले, समोर काय दिसते ते लिही. ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने लिहिलेल्या पहिल्या वाक्यात चुका होत्या. तुम्हांला माझा स्वभाव माहीत आहे. बसच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ पाहिला की मला दिवसभर जेवण गोड लागत नाही. मी माझेही दोन्ही हात खिशात घातले. एकेका चुकीपाशी मी नुसते “पुन्हा वाच” म्हणत होतो. काही तिला सापडत होत्या, काही नव्हत्या. पण चिखल चिखलच होता, आणि उघाडी तिच्याच गावची.

आज तोंडी परीक्षा झाली. परीक्षक पुण्याकडचे, कडक. तिने आधी नकलेचे सांगितले. त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले आणि फक्त मोजणीवरच प्रश्न विचारले. फरक का राहिला, दगड कुठे खचला, पुन्हा मोजताना काय बदलले. तिला सगळे येत होते, कारण सगळे तिनेच केलेले होते. ती उत्तीर्ण झाली. गुण बेताचेच मिळाले, भाषेचे कापले गेले, आणि ते योग्यच झाले. वर्ष वाचले, नोकरी राहिली. बाहेर आल्यावर मुलाने विचारले, “सर, आता काढू का हात?” आणि ती इतक्या दिवसांत प्रथमच मोकळेपणी हसली.

एक सांगायचे राहिले. निवृत्त झालात त्या रविवारी, त्याच मागच्या दाराशी, तुम्ही तुमचा कंपास मला दिलात. पितळी, टोकाशी किंचित झिजलेला. “मला आता मध्य शोधायचे नाहीत,” म्हणालात आणि पुन्हा वाल सोलू लागलात. तो मी आज सकाळी खिशात घालून निघालो होतो. त्या मुलीला द्यायचा, असे घरूनच ठरवले होते. काय बोलायचे तेही मनात नीट जुळवले होते. ती पाया पडायला वाकली तेव्हा माझा हात खिशातच होता आणि कंपास मुठीत होता. हात बाहेर काढला, तिच्या डोक्यावर ठेवला. तो रिकामा होता.

रिक्षात बसल्यावर मी स्वतःला समजावले की, ही मुले संगणकावर रेघा मारतात, हिला कंपासचा काय उपयोग. वाक्य निर्दोष आहे, आणि खरेही आहे. पण ते दुसरीकडचे आहे, सर. तळ्याकाठी तुमचे घर होते, तिथे आता सात मजले उभे आहेत, तेव्हा हे पत्र टपालात टाकायचा प्रश्नच नाही. घडी घालून कंपासच्या पेटीतच ठेवतो, त्याच्या खाली. तो पेटीत आहे, कारण मला तो सोडवला नाही.